एकच, सुट्टी

"दिवसाला किती ओढता?"

"चार-पाच."

पुणे-सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या एका सरकारी रुग्णालयात 'तंबाखूमुक्ती केंद्र' अशी पाटी असलेल्या खोलीत मी समुपदेशक म्हणून बसते. पाटी मोठी आहे, खोली लहान. पूर्वी तिथे सलाइनचे खोके ठेवायचे. तेरा वर्षांत हा प्रश्न किती वेळा विचारला ते मोजलेलं नाही, पण उत्तर पाठ झालंय. ऊस बागायतदार आला तरी चार-पाच, बँकेतला कॅशियर आला तरी चार-पाच. ओठ काळे पडलेत, बोटांची टोकं हळदीसारखी पिवळी, खोकल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, तरी चार-पाचच. पहिली दोन वर्षं मी हे मुकाट्याने फॉर्मवर लिहून घेतलं. मनात मात्र यायचं, काय धडधडीत खोटं बोलतात ही माणसं. ती खोटं बोलत नव्हती, हे कळायला एक एसटीचे ड्रायव्हर यावे लागले.

वयाने ते माझ्या मामांएवढे, म्हणून मी त्यांना मामाच म्हणायचे. बीपी वाढलेलं, ओपीडीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलेलं. स्वारगेट-सोलापूर गाडीवर असायचे. खुर्चीच्या कडेला टेकून त्यांनीही चार-पाच सांगितल्या. बोलता बोलता मी सहज विचारलं, "गाडीत ओढता का हो?"

"छे! गाडीत कशी ओढणार? गाडी लावली की मगच."

मी फॉर्म पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रस्ता काढला. स्वारगेटला? तिथे एक, निघण्याआधी. हडपसरला? तिथे उतरायला फुरसतच नसते. चौफुल्याला एक. भिगवणला? मामा हसले. "भिगवणला चहा असतो ना मॅडम. चहाआधी एक, चहानंतर एक." इंदापूर एक, टेंभुर्णी एक, मोहोळ एक. सोलापूरला गाडी डेपोत लावली की एक. मुक्कामी जेवल्यावर एक, आडवं होण्याआधी एक आणि पहाटे डोळे उघडल्या उघडल्या एक. बेरीज अकरा झाली.

मामांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला. "अकरा? नाही हो. मी तर कुठंही थांबलो तरी एकच घेतो."

सगळा घोळ या 'एकच'मध्ये आहे. आमचे फॉर्म मुळात ज्या देशांत तयार झाले, तिथला माणूस पाकीट विकत घेतो. रात्री खिसा चाचपला की किती उरल्या ते त्याला कळतं. आपल्याकडे टपरीवर नोट सरकवायची, छोटी गोल्ड फ्लेक घ्यायची, दोरीला बांधलेल्या लायटरने पेटवायची, आठ-दहा झुरके मारून थोटूक टाचेखाली चिरडायचं आणि कामाला लागायचं. खिशात पाकीट नाही, काडेपेटी नाही. मग हिशेब राहणार कुठे? माझ्या लहानपणी त्या लायटरच्या जागी सुंभाचा धुमसता तुकडा लोंबत असायचा. मला तो चांगला आठवतो, कारण वडिलांच्या चारमिनार आणायला मीच जायचे. बिनफिल्टरच्या, दोन. उरलेल्या पैशांच्या लिमलेटच्या गोळ्या माझ्या. आज अठराच्या आतल्या मुलाला सिगारेट विकणं गुन्हा आहे; तेव्हा दुकानदार काका उलट माझं कौतुक करायचे. वडिलांना कुणी विचारलं असतं, तर तेही चार-पाचच म्हणाले असते.

तेव्हापासून मी 'किती' हा प्रश्न शेवटी विचारते. आधी दिवस कसा जातो ते विचारते. घरातून कधी निघता, कुणाबरोबर चहा घेता, साहेब ओरडल्यावर कुठे जाता. कामाचा आणखी एक प्रश्न आहे: उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता? फागरस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची सहा प्रश्नांची प्रश्नावली आम्ही वापरतो, त्यात या प्रश्नाला मोठं वजन आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेनंतर टाकी रिकामी झालेली असते, म्हणून पाच मिनिटांच्या आत पेटवणारा माणूस दिवसाला किती का ओढेना, पक्का अडकलेला असतो. मामा पाच मिनिटांतले.

आता थोडे आकडे, कारण आमच्या बैठकांत आकड्यांवरच टाळ्या पडतात. देशभरात प्रौढांच्या तंबाखूसेवनाचं मोठं सर्वेक्षण दोनदा झालं, 2009-10 मध्ये आणि 2016-17 मध्ये. सिगारेट ओढणारे प्रौढ 5.7 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात विडी-सिगारेट सगळं धरून धूम्रपान 6.6 वरून 3.8 टक्क्यांवर आलं. प्रशिक्षणात हा तक्ता पडद्यावर आला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण त्याच तक्त्यात खालच्या ओळीत लिहिलं होतं, की महाराष्ट्रात खायची तंबाखू 27.6 वरून 24.4 वर आली. म्हणजे चौघांत एक जण अजून तोंडात काहीतरी धरून आहेच. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर दहा जण असले, तर आठ जण मळलेली तंबाखू, मावा नाहीतर मिश्रीवाले असतात. मी रुजू झाले त्याच वर्षी, 2012 मध्ये, राज्यात गुटखाबंदी आली. तरी तो शब्द माझ्या रजिस्टरमधून काही गेलेला नाही.

त्या तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट मला इथे बसून दिसते. "सिगारेट सोडली" असं अभिमानाने सांगणाऱ्याला मी तोंड उघडायला सांगते. बऱ्याचदा गालात तंबाखूची गोळी असते. कारखान्यात धूर चालत नाही, ऑफिसात चालत नाही, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. चुना लावून मळलेली चिमूट मात्र कुठेही चालते. कागदावर हा माणूस धूम्रपान सोडलेल्यांत जातो, माझ्या लेखी तो फक्त एका बाकावरून उठून दुसऱ्यावर बसलेला असतो. बैठकीत हे बोलले, तर साहेब म्हणाले, "मॅडम, चांगलं चाललंय त्यात खोट काढू नका."

मामांना मी निकोटिनची गोळी दिली. लोक गोळी म्हणतात, खरं तर ते च्युइंगम आहे. दोन मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, चारला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मामांना चार. आठवड्याने ते आले आणि पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, "बोगस माल आहे. नुसत्या उचक्या लागतात, तलफ जागच्या जागी." सिगारेट पुन्हा अकरावर होत्या. मी औषधाला दोष दिला, मग मामांच्या इच्छाशक्तीला. दोष माझा होता. हे गम च्युइंगमसारखं चघळायचं नसतं. दहा-पंधरा वेळा सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. एवढं मी त्यांना सांगितलं होतं. सांगायचं राहिलं ते चहाचं. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं आणि त्यासाठी तोंड आंबट असून चालत नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत घेतलं की लाळ आंबट होते, निकोटिन शोषलं जात नाही, गिळलं जातं, आणि मग उचक्या आणि छातीत जळजळ. म्हणून चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं गम तोंडात टाकायचं नाही. आणि मामा गम कधी टाकत होते? भिगवणला, चहाच्या घोटाबरोबर. तलफ तिथेच यायची, मग दुसरीकडे कुठे टाकणार!

पुस्तिकेत ही सूचना होती. पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, इंग्रजीत. मी ती वाचली होती आणि महत्त्वाची मानली नव्हती. चहावर चालणाऱ्या मुलखात ती पहिल्या पानावर हवी, हे मला मामांच्या उचक्यांनी शिकवलं. तेव्हापासून मी चहाबद्दल जास्त बोलते आणि कर्करोगाबद्दल कमी. चहाची दुसरीही एक गंमत आहे. सिगारेटच्या धुरामुळे ओढणाऱ्याच्या यकृतात कॅफिन भराभर मोडतं. सिगारेट थांबली की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. तेवढेच आठ कप रिचवले, तर हात थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्यामुळेच हे होतंय, मग सोडायची कशाला? म्हणून सिगारेट सोडताना चहा निम्म्यावर आणायला सांगते. काही जण म्हणतात, सिगारेट सोडतो पण चहाचं नाव काढू नका.

दुसऱ्या खेपेला मामा एक्केचाळीस दिवस राहिले. आमच्याकडे फुंकायचं एक छोटं यंत्र आहे. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग हळूहळू फुंकायचं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड आकड्यात दिसतो. पहिल्या दिवशी मामांचा आकडा 19 आला होता. सिगारेट थांबवून दोन दिवसांनी आले तेव्हा 3. फुप्फुसांना बरं व्हायला महिने लागतात, पण हा वायू एक-दोन दिवसांतच रक्तातून जातो. मामांनी तो 3 मोबाइलवर टिपून मुलीला पाठवला. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याने जेवढी माणसं वळली नसतील, तेवढी त्या आकड्याने वळली. 

बेचाळिसाव्या दिवशी भिगवणला कंडक्टर म्हणाला, "एकच घ्या हो, काय होतंय."

मामा माझ्याकडे आले ते स्वतःहून, दुसऱ्याच आठवड्यात. पुन्हा नऊवर गेलेले, मान खाली. आणि मी काय बोलले? "मामा, एक्केचाळीस दिवस पाण्यात घातलेत." ते काही बोलले नाहीत. नमस्कार करून गेले, ते सात महिने आलेच नाहीत. मी रजिस्टरमध्ये 'अयशस्वी' लिहिलं. त्या रकान्यात दोनच शब्दांना जागा आहे, यशस्वी आणि अयशस्वी.

ते वाक्य मला अजून टोचतं. माणूस घसरला म्हणून माझ्याकडे आला होता, आणि मी त्याला घसरल्याबद्दलच बोलले. एक्केचाळीस दिवस कुठेही गेले नव्हते. चौफुला, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ इतक्या ठिकाणी हा माणूस सिगारेटशिवाय उतरून पुन्हा गाडीत चढला होता, तेही रोज. अडला होता तो एका भिगवणला. मी भिगवणबद्दल विचारायला हवं होतं.

मुलीच्या बाळंतपणाला ते आमच्याच रुग्णालयात आले, तेव्हा दारातून डोकावले. मी उठून बाहेर गेले आणि चुकलं म्हणाले. मामांना ते अवघड वाटलं, "अहो काहीतरीच काय" म्हणून त्यांनी पेढा पुढे केला. या वेळी आम्ही फक्त भिगवणवर बोललो. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटं टिकते, मग ओसरते. न ओढताही ओसरते. तेवढी मिनिटं काढायची. चहाच्या जागी ताक, आणि हातात टॉमीचा लोखंडी दांडा घेऊन टायर ठोकत गाडीभोवती एक सावकाश फेरी. "टायर बघणं तर आपलं कामच आहे," मामा म्हणाले, "कंडक्टरला काय वाटायचं ते वाटू दे."

या सगळ्यात 2020 साल येऊन गेलं. टाळेबंदीत टपऱ्या बंद झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता सुटेल. फोनवर पाठपुरावा केला, तर काही जणांची सुटली होती, बरेच जण दुप्पट-तिप्पट भावाने कुठून तरी मिळवत होते, आणि टपरी उघडल्याच्या दिवशी बहुतेक सगळे तिथे हजर. त्याच काळात हिंजवडीच्या एका कंपनीतली, गावी येऊन घरून काम करणारी एक मुलगी आली. बसण्याआधी विचारलं, "रेकॉर्डवर नाव येतं का?" शहरात मैत्रिणींबरोबर दिवसाला आठ-दहा; इथे आईच्या नाकाखाली एकही नाही, म्हणून चिडचिड, रडू. वर्षभरापूर्वी ई-सिगारेटवर देशात बंदी आली होती, तरी एक तिने पुण्यात कुठून तरी मिळवली होती, तीही संपली. तिला माझ्याकडून उपदेश नको होता, फक्त हे असंच होतं आणि तीन-चार आठवड्यांत निवळतं एवढं ऐकायचं होतं. मी ते सांगितलं. पुन्हा आली नाही. तिच्यापुढच्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही.

निवृत्त गुरुजींची गोष्ट वेगळी. बासष्ट वर्षं वय, त्यातली चाळीस वर्षं सिगारेट, आणि अडचण एकच: सकाळची ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. लोक हे चारचौघांत सांगत नाहीत, पण माझ्याकडे येणाऱ्या वयस्क पुरुषांची ही भलतीच नेहमीची तक्रार, आणि ती खोटी नाही; निकोटिनने आतडं हलतं, बंद केलं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. कोमट पाणी, रात्री इसबगोल, पपई आणि पहाटेचं फिरणं, एवढ्यावर गुरुजींचं काम झालं. त्यांना मी ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचे आकडे सांगितले होते. तिशीत सोडली तर साधारण दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. गुरुजींनी बोटं मोजली. "तीन म्हणजे नातू चौथीत जाईल," म्हणाले. "बास झालं."

सुट्ट्या सिगारेटीवर परत येते. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी केली, निदान कागदावर तरी. कारण सरळ होतं: सुट्या सिगारेटवर इशारा नसतो. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर सडलेल्या घशाचं-तोंडाचं चित्र असतं. त्या मोठ्या सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या 61.9 टक्के लोकांनी सांगितलं, की इशारा पाहून सोडायचा विचार मनात आला. आधीच्या वेळी हेच प्रमाण 38 होतं. म्हणजे चित्र काम करतं. पण ते बघायला पाकीट हातात यावं लागतं. रुग्णालयासमोरच्या टपरीवाल्या दादांना मी एकदा विचारलं, बंदीचं काय झालं? त्यांनी गल्ल्याखालचा खण ओढून दाखवला. पूर्वी पाकीट फळीवर असायचं, आता खणात. गिऱ्हाईक नोट देतं, दादा खणात हात घालून एक काढतात. "पाकीट मागणारा माणूस दिवसात एखादा, मॅडम. अख्खं पाकीट घ्यायला पैसे कुणाकडे आहेत?" म्हणजे बंदीनंतर एवढंच झालं की ते चित्र आता फळीवरसुद्धा दिसत नाही. दादा स्वतः ओढत नाहीत. वडील घशाच्या कर्करोगाने गेले.

माझं मत विचाराल, तर बंदी योग्य आहे आणि ती राबवायलाच हवी. 'एकच' मिळणं अवघड झालं, तर नवा पोरगा सहज सुरू करणार नाही आणि सोडलेला माणूस सहज घसरणार नाही. माझ्या रजिस्टरमधले बहुतेक सगळे 'अयशस्वी' एका सुट्ट्या सिगारेटने परत गेलेत, पाकीट विकत घेऊन कुणीही नाही.

मामांना यंदा मार्चमध्ये चार वर्षं झाली. मधे वजन पाच किलोने वाढलं, ते अजून उतरलेलं नाही, त्यावरून मामी मलाच बोलतात. रजिस्टरच्या जुन्या पानावर 'अयशस्वी' तसंच आहे, खाडाखोड चालत नाही म्हणून.

एक शेवटचं. सप्टेंबर 2018 पासून प्रत्येक पाकिटावर सोडण्यासाठी मदतीचा फोन नंबर छापलेला असतो. बिनपैशाचा आहे, पलीकडे माणूस बोलतो. सुट्टी घेणाऱ्याला तो कधी दिसतच नाही, म्हणून इथे लिहिते: 1800-11-2356. घसरला असाल तरी लावा.